विषय क्रमांक 1 : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

पाणंदीवरचा (धागाकर्ता)

येत्या मंगळवारी आमच्या नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर एकोणीस विषय आहेत आणि त्यांतला पहिला, नेहमीप्रमाणे, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा आहे. या एका ओळीसाठी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. हातात पाच दिवस आहेत. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीच्या तोंडाशी वसलेले कोणतेही लहान शहर डोळ्यांसमोर आणले तरी चालेल.

मागची सभा शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात झाली. वयाची साठी उलटली तरी सभागृहात जाऊन बसण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग होता. सभा नागरिकांना खुली असते हेही मला तोवर ठाऊक नव्हते. मागच्या बाकावर मी आणि स्थानिक दैनिकाचे एक वार्ताहर, असे दोघेच होतो. सहा-सात महिन्यांचे जमाखर्च एका दमात मंजूर झाले, मासळी बाजारातील गाळ्यांच्या भाड्यावरून पाऊण तास वाद झाला, एका चौकाला नाव देण्यावरून आवाज चढले आणि नंतर मान्सूनपूर्व सफाईचा विषय आला. आमच्या वाडीतून वाहणारा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, गेली तीन वर्षे उधाणाच्या भरतीला तुंबतो आणि त्याच वेळी वरून पाऊस पडत असेल तर पाणी सरळ आमच्या पडव्यांत शिरते. वरच्या भागात दरवर्षी जेसीबी येतो, गाळ काठावर काढून ठेवतो आणि पहिल्याच मुसळधार पावसात तो गाळ पुन्हा आत जातो, पण पऱ्या जिथे खाडीला मिळतो तिथे मात्र कोणी फिरकत नाही. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेने हे सभागृहात नीट मांडले आणि ‘पऱ्याची सफाई या वर्षी मुखापर्यंत करावी’ अशी सूचना केली. तिला अनुमोदन मिळाले, नगराध्यक्षांनी ‘घ्या तसे’ म्हटले आणि पुढचा विषय पुकारला गेला. हे सारे मी माझ्या वहीत वेळेसह टिपून ठेवले आहे.

काल त्या नगरसेविकेकडे विषयपत्रिकेबरोबर आलेला इतिवृत्ताचा मसुदा पाहिला. त्यात या विषयाखाली एवढेच आहे : ‘चर्चेअंती शहरातील गटारे व नाले यांची मान्सूनपूर्व साफसफाई करून घेण्यास व त्याकामी येणाऱ्या खर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात येते.’ सूचक आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्याच दोघांची नावे आहेत. पऱ्याचे नाव नाही आणि मुखाचाही उल्लेख नाही.

हा हलगर्जीपणा आहे की हेतू, ते मला ठरवता येत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की मंगळवारी ‘कायम’ हा शब्द उच्चारला जाण्यापूर्वी नेमके काय करता येते आणि ते कोणी करायचे असते.

शंकासूर

आपली तळमळ समजली, परंतु मला हा कागदाचा खेळ वाटतो. इतिवृत्तात ‘मुखापर्यंत’ लिहिले म्हणून पऱ्या आपोआप साफ होत नाही आणि लिहिले नाही म्हणून ठेकेदाराला तिथे जायला कोणी अडवत नाही. आमच्याकडे ज्या वर्षी चांगला आरोग्य निरीक्षक होता त्या वर्षी गटारे साफ झाली. ठराव मात्र दरवर्षी तोच असायचा. सभेचे इतिवृत्त वाचत बसण्यापेक्षा वाडीतल्या दहा माणसांनी मुख्याधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवावे, त्याचा उपयोग अधिक होईल.

जुनी दौत

या जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका नगरपरिषदेत मी तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली आणि त्यातली बरीच वर्षे सभा लिपिक म्हणून काढली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. शंकासुरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, परंतु उरलेल्या अर्ध्यावरच सगळा कारभार चालतो.

नगरपरिषदेचे सगळे सभाकामकाज महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 81 नुसार चालते. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी सदस्यांना पोहोचावी लागते. नोटिशीसोबत विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयावर कार्यालयाची टिपणी जाते. आपल्या नगरसेविकेच्या हाती मसुदा आला तो या मुदतीमुळे. ही मुदत शोभेसाठी नसून सदस्यांनी वाचून यावे म्हणून आहे, पण वाचून येणारे सदस्य मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

सभागृहात जे बोलले जाते ते आणि इतिवृत्तात जे उतरते ते या दोहोंमध्ये सभा लिपिकाची लेखणी असते. हे मी कोणावर आरोप म्हणून सांगत नाही, मी स्वतः ते काम केले आहे. चार जण एकदम बोलत असतात, ‘घ्या तसे’ हे कशाबद्दल म्हटले ते कळत नाही, ध्वनिमुद्रण असलेच तर पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. मग लिपिक मागच्या वर्षीच्या ठरावाचा मसुदा उघडतो आणि साल बदलतो. आपण उतरवून दिलेले वाक्य मी माझ्या काळात निदान पंधरा वेळा लिहिले असेल, त्यात एका शब्दाचाही फरक नसेल. सूचक आणि अनुमोदक यांची नावेसुद्धा पुष्कळदा नंतर, सह्यांच्या वेळी भरली जातात.

आता शब्दाने काय फरक पडतो ते सांगतो. ठराव झाला की तो मुख्याधिकाऱ्यांकडे अंमलबजावणीसाठी जातो. त्यावरून अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, त्याला तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, दर मंजूर होतात, कार्यादेश दिला जातो, काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि त्या नोंदीवर देयक निघते. या साखळीत कोणीही मूळ ठरावाच्या पलीकडे एक पाऊल टाकत नाही, कारण पुढे लेखापरीक्षणात त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. ‘शहरातील गटारे व नाले’ असे लिहिले की अभियंता जिथे जेसीबी सहज उतरतो तेवढीच लांबी धरतो. ‘अमुक पऱ्या, अमुक पुलापासून खाडीच्या मुखापर्यंत’ असे लिहिले की ती लांबी त्याला अंदाजपत्रकात घ्यावीच लागते, आणि घेता येत नसेल तर का घेता येत नाही हे लेखी द्यावे लागते. चांगला आरोग्य निरीक्षक बदलून गेला की त्याच्याबरोबर चांगली सफाईही जाते. ठराव मात्र दप्तरात राहतो.

मंगळवारी करायचे ते असे. आपण प्रेक्षक आहात, आपल्याला बोलता येणार नाही. बोलायचे ते नगरसेविकेने. विषय 1 पुकारताच तिने उभे राहून, शांतपणे, ‘ठराव क्रमांक अमुकमधील नोंद सभेतील निर्णयानुसार नाही, त्यात पुढील शब्द समाविष्ट करून इतिवृत्त दुरुस्तीसह कायम करावे’ असे म्हणावे आणि तेच शब्द लिहिलेला कागद पीठासन अधिकाऱ्यांच्या हाती द्यावा. कागद आधीच आवक नोंदवहीत चढवून पोच घेतलेली असेल तर अधिक उत्तम. दुरुस्ती झाली नाही तर आपला लेखी विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की या विषयाखाली फक्त ‘काय ठरले होते’ एवढ्याचीच दुरुस्ती होते, नवा निर्णय घेता येत नाही. एकदा कायम झाल्यावर ठराव बदलायचा म्हटले तर अधिनियमाची वेगळी आणि अधिक कडक वाट धरावी लागते.

सुरंगी

दौतकाकांनी लिहिलेला प्रत्येक शब्द मी अनुभवला आहे. महिलांसाठी राखीव प्रभागातून मी एकदा निवडून आले होते. 2011 नंतर निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, त्यामुळे सभागृहात आम्ही बऱ्याच जणी पहिल्यांदाच बसलो होतो. पहिली दोन वर्षे मी विषय 1 ला मान डोलावत असे, कारण सगळेच डोलावत आणि मलाही तो राष्ट्रगीतासारखा औपचारिक प्रकार वाटत असे.

मला जाग आणली ती ‘ऐनवेळच्या विषयांनी’. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ अशी एक ओळ असते. चहा येऊन गेलेला असतो, निम्मे सदस्य उठलेले असतात. एका सभेत त्या ओळीखाली काही झाले असल्याचे मला आठवत नव्हते, पण पुढच्या सभेत कायम करण्यासाठी आलेल्या त्या सभेच्या इतिवृत्तात त्या ओळीखाली तीन ठराव होते आणि त्यांतल्या एकाची अनुमोदक मी होते! एका ठेक्याला मुदतवाढ देण्याला मी अनुमोदन दिले होते म्हणे. मी उभी राहिले, तर ‘ताई, मागच्या वेळी आपण हो म्हणाला होतात’ असे मला सांगण्यात आले आणि सभागृह हसले. त्या दिवशी माझ्याकडे वही नव्हती. पुढच्या सभेपासून मी शाळेतल्या मुलींसारखी दोनशे पानी वही घेऊन जाऊ लागले. माझे नाव पुन्हा कधी न विचारता लागले नाही.

म्हणून धागाकर्त्यांना एक विनंती करते. आपल्या नगरसेविकेला एकटे बोलायला लावू नका. तिच्या सूचनेला त्या दिवशी ज्याने खरोखर अनुमोदन दिले होते, त्या सदस्यालाही आधी भेटा आणि ‘होय, मी अनुमोदन दिले होते’ एवढे वाक्य सभागृहात बोलायला तयार करा. एकटीने हरकत घेतली तर तिला तक्रारखोर म्हणतात, दोघांनी घेतली की ती दुरुस्ती मानली जाते.

वाशिष्ठीकाठचा

मी चिपळूणचा. आमच्याकडे 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दोन तारखा कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ, कोयनेचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी), पूररेषा यांवर इतके बोलले गेले की नदीपेक्षा चर्चेचा पूर मोठा झाला. त्या काळात एक गोष्ट मी जवळून पाहिली. पाणी ओसरल्यावर प्रत्येक जण ‘आम्ही हे आधीच सांगितले होते’ असे म्हणत होता. नगरसेवक म्हणत होते, अधिकारी म्हणत होते, व्यापारीही म्हणत होते. ते खरेही असेल. पण गाळ कोणत्या वर्षी, कुठून कुठपर्यंत काढायचे ठरले होते, असे कोणी विचारले की हातात दाखवायला फारसे काही नसे. तोंडी सांगितलेले पाण्याबरोबर गेले होते.

तुमचा पऱ्या लहान आहे, पण पाण्याचे गणित तेच आहे. भरतीच्या वेळी खाडीची पातळी पऱ्याच्या मुखापेक्षा वर येते, तेव्हा वरून येणारे पाणी थांबून राहते आणि ओहोटी लागली की जोराने निघून जाते. मुखाशी गाळाचा उंबरठा तयार झाला असेल तर ओहोटीतही पाणी पूर्ण उतरत नाही आणि पुढच्या भरतीला आधीच अर्धा भरलेला पऱ्या मिळतो. वरच्या अंगाला कितीही खणले तरी हा उंबरठा तसाच असेल तर पाणी फक्त अधिक खोल डबक्यात साचते. म्हणून ‘मुखापर्यंत’ हा शब्द तुमच्या कामाचा कणा आहे. त्याशिवाय केलेली सफाई ही खर्ची पडलेली रक्कम, एवढेच.

खाजणातली टिटवी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि या चर्चेत थोडा अडथळा आणणार आहे. पऱ्याच्या मुखाशी नेमके काय आहे? धागाकर्त्यांनी ते लिहिलेले नाही. आपल्या किनाऱ्यावर अशा मुखाशी बहुधा खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारी जमीन असते आणि खाजणात तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर कांदळवन आणि त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा संरक्षित आहे, तिथे नगरपरिषदेला आपल्या मर्जीने जेसीबी उतरवता येत नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी पत्रव्यवहार करावा लागतो, किनारा नियमन क्षेत्राची अट पाहावी लागते.

मला अशी शंका येते की कार्यालयाने ते शब्द गाळले ते याच कारणाने. दुष्टपणाने नव्हे, तर कटकट टाळण्यासाठी. ‘मुखापर्यंत’ असे लिहिले असते तर परवानगीचा प्रस्ताव करावा लागला असता. ‘गटारे व नाले’ लिहिले की प्रस्ताव करावा लागत नाही आणि तिवरेही तोडली जात नाहीत. या दुसऱ्या परिणामाचे मला दुःख नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पाणंदीवरचा

टिटवीताईंनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. आज सकाळी ओहोटीला मी जाऊन पाहून आलो. मुखाच्या अलीकडे साधारण शंभर पावलांवर तिवरांची दाट रांग सुरू होते, दोन्ही काठांना. माझ्या लहानपणी तिथे उघडी चिखलवट होती आणि आम्ही खुबे काढायला जात असू, तिवरे नंतर वाढली. पऱ्याचा मधला प्रवाह मात्र अजून मोकळा आहे, झाडे काठावर आहेत. प्रवाहात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या झावळ्या, एक फुटके फ्रीज आणि वरून वाहून आलेला गाळ आहे. माझ्या मते एकही झाड न तोडता, माणसे लावून, ओहोटीच्या वेळी हा मधला भाग मोकळा करता येईल.

दुपारी नगरपरिषदेत जाऊन एका अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी अगदी सौजन्याने सांगितले, ‘तिकडे वनखात्याची भानगड आहे, म्हणून आम्ही मोघम ठेवले.’ म्हणजे टिटवीताईंची शंका खरी निघाली. मला राग येण्याऐवजी आश्चर्य वाटले, कारण ही अडचण सभागृहात एका शब्दानेही सांगितली गेली नव्हती. सांगितली असती तर त्याच दिवशी परवानगीचा विषय निघाला असता आणि आज दोन महिने हाताशी असते.

शंकासूर

आता माझी शंका अधिकच गडद झाली. समजा, मंगळवारी तुम्ही ‘मुखापर्यंत’ हे शब्द घालून घेतले. अभियंता म्हणेल, आता ही लांबी कांदळवनात जाते, परवानगीशिवाय अंदाजपत्रकच करता येत नाही. परवानगी यायला मृग उजाडेल. तोवर वरची सफाईसुद्धा अडकून राहील आणि यंदा तुमच्या पडव्यांत दुप्पट पाणी येईल. मोघम शब्दाने निदान अर्धे काम तरी होत होते. बिनचूक शब्दाने तेही जाईल. कारभारात मोघमपणाला एक किंमत असते, ती तुम्ही मोजायला तयार आहात का?

जुनी दौत

प्रश्न योग्य आहे आणि असा प्रश्न सभागृहात विचारला गेला असता तर मला अधिक आनंद झाला असता. यावर उपाय शब्दांतच आहे. दुरुस्तीचा मसुदा एका वाक्यात न करता दोन वाक्यांत करावा. पहिल्यात, ‘शहरातील गटारे, नाले व अमुक पऱ्याचा पुलापासून कांदळवनाच्या हद्दीपर्यंतचा भाग यांची सफाई तातडीने करण्यात यावी.’ दुसऱ्यात, ‘उर्वरित भाग खाडीच्या मुखापर्यंत, आवश्यक त्या परवानग्या घेऊन, वृक्षतोड न करता मनुष्यबळाद्वारे मोकळा करण्यात यावा.’ पहिले काम दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. दोन स्वतंत्र अंदाजपत्रके होतात.

एक सूक्ष्म अडचण आहे ती आधीच सांगून ठेवतो. ‘परवानग्या घेऊन’ आणि ‘मनुष्यबळाद्वारे’ हे शब्द मागच्या सभेत उच्चारले गेले नव्हते, त्यामुळे काटेकोरपणे पाहता ती दुरुस्ती नसून भर आहे. कोणी आक्षेप घेतला तर विषय 1 खाली फक्त ‘मुखापर्यंत’ हे शब्द आणि खरे सूचक-अनुमोदक एवढे दुरुस्त करून घ्यावे आणि बाकीचे सफाईच्या निविदेचे दर मंजुरीला येतील त्या विषयात उपसूचना म्हणून मांडावे. तुमच्या विषयपत्रिकेत तो विषय असलाच पाहिजे, पाहा.

पाणंदीवरचा

आहे. विषय क्रमांक 11. ‘मान्सूनपूर्व साफसफाईकामी प्राप्त निविदा दरांस मंजुरी देणे.’ दौतकाका, आपण सभागृहाबाहेर बसून विषयपत्रिका वाचलीत असे वाटते.

चाकरमानी दादरचा

गावाबाहेर राहणाऱ्याने बोलू नये हे मान्य आहे, पण गणपतीला आम्हीही त्याच पडवीत पाणी उपसतो म्हणून विचारतो. यासाठी प्रभाग समित्या नसतात का? मुंबईत आमच्या विभागात प्रभाग समितीची बैठक होते.

जुनी दौत

दादरकर, राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने प्रभाग समित्यांची जी सक्ती आली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या लहान नगरपरिषदा त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. विषय समित्या असतात, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा वगैरे, पण त्या सदस्यांच्या असतात. नागरिकाला मागचा बाक तेवढा आहे.

तो बाकही मध्यंतरी नव्हता, हे विसरू नये. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 अखेर ते 2022 च्या सुरुवातीस संपली आणि 2 डिसेंबर 2025 च्या मतदानापर्यंत प्रशासक होते. प्रशासकाच्या काळातही ठराव होतात, पण सभागृह म्हणजे एक माणूस, एक टेबल आणि एक शिक्का. सूचकही तोच, अनुमोदकही तोच, विरोध नोंदवणाराही कोणी नाही. जवळजवळ चार वर्षे इतिवृत्त वाचून कायम करण्याची सवयच मोडली. आता बसलेल्या सदस्यांपैकी पुष्कळ नवे आहेत आणि काही ठिकाणी सभा लिपिकही नवे आहेत. मोघम मसुद्याचा दोष देताना मी हे मनात धरतो.

सुरंगी

आणि थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत, हेही धरा. 2022 मध्ये पुन्हा थेट निवडणुकीचा कायदा झाला, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, असे काही ठिकाणी घडते. आपल्याकडे तसे असेल तर हरकत कोणत्या बाकावरून येते यावर तिचे भवितव्य ठरू शकते. म्हणून अनुमोदक दुसऱ्या बाजूचा मिळाला तर सोन्याहून पिवळे.

वाशिष्ठीकाठचा

मंगळवारी जे होईल ते इथे लिहा. आणि मोजून ठेवा, विषय 1 ला किती मिनिटे लागली ते.

पाणंदीवरचा

सभा काल झाली. सविस्तर लिहितो.

सभा साडेअकराची होती, बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. मागच्या बाकावर या वेळी आम्ही वाडीतले सात जण होतो, त्यामुळे वार्ताहरांना बसायला जागा उरली नाही. त्यांनी ते मनावर घेतले नाही. नगरसेविकेचे पत्र शुक्रवारीच आवक झाले होते. सुरंगीताईंच्या सांगण्यावरून खऱ्या अनुमोदकांना रविवारी घरी जाऊन भेटलो होतो. ते विरुद्ध गटाचे आहेत. त्यांनी प्रथम ‘आता कशाला उकरून काढता’ असे म्हटले, पण मसुद्यात आपल्या जागी दुसऱ्याचे नाव पाहिल्यावर त्यांचा आवाज बदलला. पाण्यापेक्षा नावाने काम केले, हे कबूल केले पाहिजे.

विषय 1 पुकारला गेला आणि दोन-तीन कंठांतून ‘कायम, कायम’ असे आलेही. नगरसेविका उभी राहिली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण तिने कागदावरचे वाक्य जसेच्या तसे वाचले. नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिले. मुख्याधिकारी म्हणाले की आशय तोच आहे, ‘नाले’ या शब्दात पऱ्या येतोच. त्यावर अनुमोदक उठले आणि म्हणाले, ‘येत असेल तर लिहायला हरकत काय?’ या प्रश्नाला सभागृहात कोणाकडेच उत्तर नव्हते. ‘पऱ्याच्या मुखापर्यंत’ हे शब्द आणि दोन नावे दुरुस्त झाली. नगराध्यक्ष ‘दुरुस्तीसह कायम’ म्हणाले. माझ्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटे लागली, मागच्या वेळी वीस सेकंदही लागली नव्हती.

विषय 11 ला मात्र वेगळाच आक्षेप आला. उपसूचना मांडल्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की निविदा निघाल्यानंतर व्याप्ती वाढवता येत नाही, दर जुन्याच व्याप्तीवर आले आहेत. त्यांचे म्हणणे रास्त होते आणि आम्हा सात जणांपैकी कोणालाच हे आधी सुचले नव्हते. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी असे ठरले की आलेल्या निविदेनुसार वरचे काम कांदळवनाच्या हद्दीपर्यंत लगेच सुरू करावे, मुखाकडच्या भागासाठी कांदळवन कक्षाकडे परवानगीचा प्रस्ताव आठ दिवसांत पाठवावा आणि ते काम वेगळे करावे. मुखाकडचे काम यंदा मृगापूर्वी होईल असे मला वाटत नाही. शंकासुरांची शंका निम्मी खरी ठरली.

ऐनवेळच्या विषयांपर्यंत आम्ही थांबलो. दोन विषय आले आणि आमच्याकडे पाहत पाहत दोन्ही मोठ्याने वाचले गेले.

शंकासूर

निम्मी खरी ठरली म्हणून मी माझी हार निम्मी मानतो. आठ दिवसांनी प्रस्ताव खरोखर गेला की नाही, हे कसे कळणार?

जुनी दौत

जावक क्रमांक विचारावा. तोंडी सांगितला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा, त्यात फक्त तीन गोष्टी मागाव्यात : दोन्ही ठरावांची साक्षांकित प्रत, प्रस्तावाचा जावक क्रमांक व दिनांक, आणि सफाईच्या मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने. अधिक काही मागू नये, लांबलचक अर्जाला लांबलचक उत्तर येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, तेव्हा अर्ज आताच करा, पाऊस लागल्यावर करू नका.

खाजणातली टिटवी

प्रस्तावासोबत जागेचे छायाचित्र आणि ‘एकही झाड तोडले जाणार नाही’ असे स्पष्ट वाक्य जोडायला सांगा. हवे असेल तर ओहोटीच्या वेळी मी येऊन झाडांची रांग मोजून देईन. फ्रीज कोणी टाकले तेही पाहता आले तर पाहू.

पाणंदीवरचा

ताई, अवश्य या. येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे, वाडीतली मुले कोयते घरी ठेवून नुसत्या टोपल्या घेऊन येणार आहेत. कचरा आम्ही काढतो, गाळाला परवानगी येईपर्यंत हात लावत नाही. अर्ज आज दिला, पोच घेतली. पुढच्या सभेची नोटीस लागली की तिची विषयपत्रिका इथेच टाकीन. विषय क्रमांक 1 तोच असेल.